नागरिक कोण आणि अतिक्रमण कोण?

2023 च्या पावसाळ्यात आमच्या भागातल्या नागरिक मंचाने महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात एक निवेदन दिलं. ओढ्याच्या कडेला कचरा वर्गीकरणाची जी पत्र्याची शेड आहे ती हटवावी, तिच्यामुळे दुर्गंधी आणि डास वाढलेत, ते अतिक्रमण आहे, आणि त्या जागेवर ज्येष्ठ नागरिकांसाठी चालण्याचा ट्रॅक करावा, अशी मागणी होती. खाली 112 रहिवाशांच्या सह्या होत्या. त्यातली 61 वी सही माझी आहे. आणि त्या शेडमध्ये बसून कचरा निवडणाऱ्या बायांमध्ये माझी आई होती.

ही कबुली आधीच देऊन टाकते. पुढे मी मंचाबद्दल, महापालिकेबद्दल आणि आपल्या शिकलेल्या लोकांबद्दल जे लिहिणार आहे, ते बाहेर उभं राहून लिहिलेलं नाही. मी त्या यादीत आहे.

आमचं घर पुण्यातल्या एका ओढ्याच्या काठी आहे. माझे आजी-आजोबा 1972 च्या दुष्काळात बीडकडून आले. आजोबा बांधकामावर गेले, आजीने पोतं उचललं. पोतं आजीकडून आईकडे आलं. आईला ते माझ्याकडे येऊ द्यायचं नव्हतं. मी बी.कॉम. झाले, आमच्या घरातली पहिली पदवीधर. नोकरी लागली, लग्न झालं आणि मी ओढ्याच्या दुसऱ्या बाजूला एका सोसायटीत भाड्याने राहायला आले. वस्तीपासून सोसायटीपर्यंत पुलावरून चालत सात मिनिटं लागतात. आमच्या तीन पिढ्यांना ती सात मिनिटं चालायला पन्नास वर्षं लागली.

सोसायटीच्या लिफ्टशेजारी पाटी आहे: घरकाम करणाऱ्या, डिलिव्हरीवाले आणि कचरेवाले यांनी जिना वापरावा. आई रविवारी चांगलं लुगडं नेसून येते तेव्हा लिफ्टने येते. सोमवारी तीच बाई शेजारच्या सोसायटीत बादल्या घेऊन जिना चढते. तिने मला पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं, “रस्त्यात दिसले तर हाक मारू नगंस. तुझं तिथं नवं हाय.” मी हाक मारली नाही.

सहीचा कागद घेऊन मंचाच्या एक ज्येष्ठ बाई दारात आल्या. त्या वाईट बाई नाहीत. रस्त्यावरचे दिवे त्यांनी पाठपुरावा करून लावून घेतलेत, झाडं तोडण्याविरुद्ध त्या उभ्या राहिल्यात. त्या म्हणाल्या, “तुम्ही शिकलेल्या आहात, तुम्हाला वेगळं सांगायला नको.” मी कागद वाचला. कोणती शेड ते मला कळलं. नाही म्हणाले असते तर का असं विचारलं असतं, आणि का ते सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं. मी सही केली. जात लपवण्याची किंमत आपण एकटे देतो असं आपल्याला वाटतं. त्या दिवशी ती माझ्या आईने दिली.

आता त्या शेडबद्दल. पुण्यात घराघरांतून कचरा उचलण्याचं काम मोठ्या प्रमाणावर कचरावेचक बाया करतात. 1993 मध्ये याच शहरात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. उकिरड्यावर पोतं घेऊन फिरणाऱ्या बायांनी आम्ही कामगार आहोत असं म्हटलं, ओळखपत्रं मिळवली आणि पुढे सहकारी संस्था उभी करून महापालिकेशी करार केला. या बायांमध्ये बहुसंख्य मातंग आणि बौद्ध समाजातल्या आहेत. हा योगायोग आहे असं मानणाऱ्याने पुढचं वाचू नये.

तेव्हा लागू असलेले घनकचरा व्यवस्थापनाचे 2016 चे नियम काय सांगत होते? कचरा ज्याच्या घरात तयार होतो त्याने तो घरातच वेगळा करायचा: ओला, सुका आणि घरगुती घातक. सॅनिटरी पॅड, डायपर नीट गुंडाळून वेगळे द्यायचे. हे कर्तव्य रहिवाशाचं आहे. त्याच नियमांनी स्थानिक संस्थेवरही कर्तव्यं टाकली होती: कचरावेचकांच्या संघटनांना मान्यता द्यायची, त्यांना व्यवस्थेत सामावून घ्यायचं आणि सुका कचरा निवडण्यासाठी पुरेशी जागा उपलब्ध करून द्यायची. म्हणजे ज्या शेडला मंचाने अतिक्रमण म्हटलं, तशी शेड बांधून देणं हे महापालिकेचंच काम आहे. आणि तिथे जी दुर्गंधी होती ती कुठून आली? सुक्या कचऱ्याला वास येत नाही. कालच्या आमटीत भिजलेल्या कागदाला येतो, वर्तमानपत्रात न गुंडाळलेल्या पॅडला येतो. निवेदनावर सही करणाऱ्या 112 घरांनी आपापल्या स्वयंपाकघरात दोन बादल्या ठेवल्या असत्या तर शेडला वास आला नसता. वास त्यांचा होता, पत्ता तेवढा आमचा होता.

सहीनंतर दोन आठवड्यांनी क्षेत्रीय कार्यालयात मोहल्ला कमिटीची बैठक झाली. मी रजा टाकून गेले, मंचाच्या लोकांबरोबर. बैठक मंगळवारी सकाळी अकराला. त्या वेळी आई आणि तिच्या सोबतिणी कुठे असतात? तुमच्या-आमच्या जिन्यावर. त्यांना बोलावलंच नव्हतं, पण बोलावलं असतं तरी एका दिवसाची कमाई बुडवून यावं लागलं असतं. टेबलाभोवती सोसायट्यांचे पदाधिकारी, निवृत्त अधिकारी, एक आर्किटेक्ट. अधिकारी सगळ्यांना “नागरिकांचं म्हणणं ऐकून घेऊ” म्हणत होते. वस्तीचा विषय निघाला तेव्हा शब्द बदलले: झोपडपट्टीधारक, लाभार्थी, उपद्रव. मी पूर्ण दीड तास लक्ष देऊन ऐकलं. वस्तीतल्या माणसासाठी नागरिक हा शब्द एकदाही आला नाही. 2020 च्या डिसेंबरमध्ये राज्य मंत्रिमंडळाने वस्त्यांची जातिवाचक नावं बदलण्याचा निर्णय घेतला, ते चांगलंच झालं. पण पाटीवर समता नगर लिहिल्याने टेबलाशी खुर्ची मिळत नाही.

मी त्या बैठकीत काही बोलले नाही, हेही नोंदवून ठेवते.

मित्रमैत्रिणींनो, आपल्याला असं शिकवलं गेलंय की नागरी भान ही शिकलेल्या, करदात्या, स्वच्छ लोकांची गोष्ट आहे आणि आपल्या लोकांना ती अजून शिकायची आहे. आपला स्वतःचा इतिहास काय सांगतो ते पाहा.

महाडचं चवदार तळं कुणाचं होतं? नगरपालिकेचं. 4 ऑगस्ट 1923 ला मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला: सरकारी खर्चाने बांधलेली किंवा सार्वजनिक संस्था चालवतात ती पाणवठ्याची, शाळेची, दवाखान्याची ठिकाणं अस्पृश्यांना खुली. 1924 मध्ये महाड नगरपालिकेने आपलं तळं खुलं असल्याचा ठराव केला. कागदावर हक्क मिळाला, तळ्यावर कुणी जाऊ शकलं नाही. 20 मार्च 1927 ला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली हजारो माणसं रांगेने चालत गेली आणि पाणी प्यायली. आजच्या भाषेत सांगायचं तर त्यांनी आपल्याच नगरपालिकेचा मंजूर ठराव अमलात आणला. त्याचं उत्तर म्हणून परत निघालेल्या माणसांवर लाठ्या चालल्या, पंचगव्य टाकून तळं ‘शुद्ध’ केलं गेलं आणि 4 ऑगस्ट 1927 ला नगरपालिकेने ठराव मागे घेतला. मग सवर्ण कोर्टात गेले. तिथे दावा काय होता? हे तळं सार्वजनिक नाही, खाजगी आहे. तो दावा मुंबई उच्च न्यायालयाने 1937 मध्ये फेटाळला.

हा क्रम नीट लक्षात ठेवा. आपण येईपर्यंत जागा सार्वजनिक असते. आपण आलो की ती कुणाच्या तरी मालकीची होते, किंवा आपण अतिक्रमण होतो. आपण गेलो की तिचं शुद्धीकरण होतं. पूर्वी ते गोमूत्राने होई, आता पेव्हर ब्लॉकने होतं.

आणि हे एकट्या पुण्याचं दुखणं नाही. मुंबईत 1997 च्या सुमारास महापालिकेने रस्त्यारस्त्यावर रहिवाशांचे गट करून कचरा आणि स्वच्छतेचं काम त्यांच्यासोबत करायची योजना आणली. दिल्लीत 2000 मध्ये ‘भागीदारी’ आली, सरकार रहिवासी कल्याण संघांबरोबर बसू लागलं. कल्पना चांगल्या होत्या. पण भागीदार कोण, तर मुख्यतः कॉलन्यांतले संघ आणि व्यापारी संघटना. झुग्गीवाले ज्या शहराचा भार वाहत होते त्या शहराचे ते भागीदार नव्हते. त्याच वर्षी, 15 फेब्रुवारी 2000 ला, सर्वोच्च न्यायालयाने अलमित्रा पटेल खटल्यात झोपडीधारकाला पर्यायी जागा देण्याची तुलना खिसेकापूला बक्षीस देण्याशी केली. तो खटला कशाबद्दल होता माहीत आहे? शहरातल्या कचऱ्याबद्दल. कचरा उचलणाऱ्यांची वस्ती हीच कचऱ्याचा भाग ठरली. मंचाच्या निवेदनातली भाषा आमच्या ज्येष्ठ बाईंनी स्वतः शोधलेली नाही. ती वरून खाली झिरपत आलेली आहे.

याच न्यायव्यवस्थेत दुसरी बाजूही आहे, तीही आपल्याला पाठ हवी. 15 डिसेंबर 2014 ला मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं की घर बेकायदा आहे म्हणून माणसाचा पाण्याचा हक्क नाकारता येत नाही. हा निकाल पाणी हक्क समितीच्या याचिकेवर मिळाला. म्हणजे वस्तीतल्या लोकांसोबत चाललेल्या कामातून. कुठल्या ट्रॅकवर चालता चालता तो मिळाला नाही.

वस्तीत सार्वजनिक जीवन नसतं असं कोण म्हणतं? आमच्या वस्तीत मयत झाली तर तासाभरात घरटी वर्गणी गोळा होते, तिची वही असते, हिशेब वाचला जातो. नळाला किती वाजता पाणी येणार, कुणाच्या बाळंतिणीला आधी भरू द्यायचं, हे रोज ठरतं. ओढ्याला पाणी चढलं की खालच्या आळीतली लेकरं विहारात झोपायला नेतात. बुद्ध विहाराच्या मागे पत्र्याची अभ्यासिका आहे. बावीस खुर्च्या, दोन पंखे, एक कपाट पुस्तकं. 14 एप्रिलच्या आणि 1 ऑगस्टच्या वर्गणीतून उरलेल्या पैशांतून ती उभी राहिली. मी तिथे बसून बी.कॉम. केलं. माझ्यानंतर तिथून एक पोलीस झाला, दोन नर्स झाल्या. ही सगळी कामं कुणी ‘नागरी सहभाग’ म्हणून मोजत नाही, कारण तिथे लेटरहेड नाही. मंचाच्या लेटरहेडवर तीन ओळी लिहिल्या की अधिकारी उभा राहतो. आमच्या वहीत पन्नास वर्षांचा हिशेब आहे, ती कुणी उघडून बघत नाही.

आता आपल्याकडे वळते, कारण नुसतं सवर्णांना दोष देऊन घरी जाणं सोपं आहे.

आपण पहिल्या पिढीचे पदवीधर काय करतो? शिकतो, नोकरीला लागतो आणि वस्तीतून निघतो. निघण्यात चूक काहीच नाही. गळक्या पत्र्याखाली राहण्यात कसलंच तत्त्व नाही. पण निघताना आपण अर्ज लिहिता येणारा हात घेऊन निघतो. मागे राहतात ते मग कार्यकर्त्याकडे जातात, तो पक्षाचा असतो, आणि नळाच्या जोडणीसाठी मिरवणुकीत झेंडा धरावा लागतो. आपण सोसायटीच्या ग्रुपवर “गुड मॉर्निंग” पाठवतो आणि तिथे कुणी “या लोकांना” म्हणालं की फोन उलटा ठेवतो. आडनाव विचारलं की गावाचं नाव सांगतो. बाबासाहेबांनी शिका म्हटलं ते आपण ऐकलं, पुढचं संघटित व्हा आपण 14 एप्रिलपुरतं ठेवलं.

मंडळांचंही सांगते. डीजेच्या भिंतीला जेवढा पैसा जातो त्यातला निम्मा अभ्यासिकेला गेला असता तर आज तिला पक्कं छत असतं. महार-मांग भेद आपण भाषणात गाडतो आणि जयंतीच्या कमान कुठे लागणार यावर उकरून काढतो. आणि मंडळाच्या कार्यकारिणीत बाया किती? आमच्या वस्तीत कचरावेचक बायांची युनियन महापालिकेशी करार करते, पण मंडळाच्या बैठकीत त्या चहा करतात. सवर्णांच्या टेबलाशी खुर्ची मागताना आपल्या टेबलाशी कोण उभं आहे तेही बघावं लागेल.

मग करायचं काय? कायद्यात आपल्यासाठी दारं आहेत. ती बंद दिसतात, कारण आपण ढकलून पाहिलेली नाहीत.

74 वी घटनादुरुस्ती 1993 पासून लागू आहे. तीन लाखांवर लोकसंख्येच्या शहरात प्रभाग समिती असावीच लागते. महाराष्ट्राच्या महापालिका कायद्यात या समितीवर तीनपर्यंत नामनिर्देशित सदस्य घेता येतात. ते त्या भागात समाजकल्याणाचं काम करणाऱ्या मान्यताप्राप्त संस्थांचे आणि वस्तीपातळीवरच्या संघटनांचे असतात. त्या जागांवर नोंदणीकृत संस्थांची माणसं बसतात आणि आपली मंडळं नोंदणीच करत नाहीत. तुमच्यात कुणी कॉमर्स केलंय, कुणी लॉ केलंय. आपल्या विहाराची, अभ्यासिकेची, बचत गटांच्या संघाची नोंदणी करून देणं हे तुमचं एका महिन्याचं काम आहे.

क्षेत्रसभेची तरतूद आपल्या कायद्यात 2009 पासून आहे. मतदारयादीतला प्रत्येक माणूस तिचा सदस्य, त्यात निमंत्रण लागत नाही. आमच्या भागात एकही भरलेली मला आठवत नाही. मार्च 2022 पासून तर पुण्यात नगरसेवकच नव्हते, जवळपास चार वर्षं प्रशासकाने कारभार केला आणि ज्यांना अधिकाऱ्याच्या केबिनमध्ये थेट जाता येतं त्यांचीच कामं झाली. आमची शेड त्याच काळात गेली. आता 2026 च्या जानेवारीत निवडणूक झालीय. नगरसेवकाला पहिला लेखी प्रश्न हाच विचारा: क्षेत्रसभा कधी? आणि ती संध्याकाळी सातनंतर किंवा रविवारी घ्या, असंही त्याच पत्रात लिहा.

पथविक्रेता कायदा 2014 चा आहे. नगर पथविक्रेता समितीत किमान 40 टक्के सदस्य पथविक्रेत्यांनी निवडून दिलेले असावे लागतात आणि सर्वेक्षण पूर्ण होईपर्यंत कुणाला हटवता येत नाही. भाजीची पाटी उचलून नेणाऱ्या गाडीसमोर या दोन ओळी म्हणणारा एक माणूस उभा राहिला तर फरक पडतो, मी पाहिलंय. पुणे महापालिका 2006 पासून अंदाजपत्रकात नागरिकांकडून कामं सुचवून घेते. अर्ज मोफत आहे. बाकं, कमानी आणि ट्रॅक त्याच अर्जातून येतात. शौचालयाचा दरवाजा, अभ्यासिकेचं छत आणि वर्गीकरणाची शेडही त्यातून मागता येते. मागितली पाहिजे.

आणि एक काम कायद्यात नाही, ते फक्त आपणच करू शकतो. सोसायटीच्या ग्रुपवर “या लोकांना” असं आलं की लिहायचं: ते लोक म्हणजे मी. मला ठाऊक आहे हे किती जड जातं. घरमालक भाडेकरार पुन्हा करेल का, मुलांना खेळायला घेतील का, हे प्रश्न खोटे नाहीत. एकट्याने जमत नसेल तर आधी आपल्यासारखी दुसरी दोन घरं शोधा. प्रत्येक सोसायटीत ती असतात, आपल्यासारखीच गावाचं नाव सांगत बसलेली.

शेडचं काय झालं ते सांगून थांबते. दिवाळीच्या आधी ती पाडली. ट्रॅक झाला. बाया आता उड्डाणपुलाखाली फूटपाथवर कचरा निवडतात आणि मंचाच्या ग्रुपवर फूटपाथ अडवल्याची तक्रार आलीय. ट्रॅकचा दुसरा टप्पा विहाराच्या मागून जाणार आहे, त्यामुळे अभ्यासिकेच्या दारावर नोटीस लागली. ती वाचली त्या रात्री मी आईला सहीचं सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “सही केली व्हय तू? आता दुसऱ्या कागदावर कर की मग.”

दुसऱ्या दिवशी मी क्षेत्रीय कार्यालयात पत्र दिलं. 2023 च्या निवेदनातली 61 क्रमांकाची सही मागे घेत आहे, त्या शेडमध्ये माझी आई काम करत होती, आणि 2016 च्या नियमांनुसार महापालिकेने पर्यायी जागा द्यावी. त्याची प्रत मी मंचाच्या ग्रुपवर टाकली. दोघांनी ग्रुप सोडला. तीन जणांनी मला खाजगीत “जय भीम” लिहिलं, त्यातले एक काका माझ्याच मजल्यावर राहतात. अभ्यासिकेच्या सुनावणीला आम्ही अकरा जण गेलो, त्यात आईच्या चार सोबतिणी होत्या. कामावर खाडा करून आल्या होत्या. पुढची तारीख मिळाली आहे. खुर्च्या बावीसच आहेत, पंखे चालू आहेत, पोरं बसतायत.

आता रस्त्यात आई दिसली की मी हाक मारते. ती अजून दचकते.

जय भीम.